चौकटीत मावेल तेवढंच

हल्ली अनेक शाळांचे वार्षिकांक कॅनव्हावर रचले जातात. गंमत म्हणजे कॅनव्हाची मुळंही शाळेच्या अंकातच आहेत. मेलनी पर्किन्स आणि क्लिफ ओब्रेक्ट यांनी २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये 'फ्यूजन बुक्स' सुरू केलं. शाळांना आपलं इयरबुक ऑनलाइन रचता यावं, हा त्यामागचा उद्देश. त्याच अनुभवातून २०१३ साली कॅनव्हा आलं.

तिकडच्या इयरबुकला टेम्प्लेट शोभतं. एकाच मापाचे फोटो, खाली नाव, पुढची रांग. प्रोग्रामरच्या नजरेनं पाहिलं तर तो डेटाबेसच: एक नोंद, एक मूल.

मराठी शाळेचा वार्षिकांक वेगळ्या जातीचा. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा प्रत्येक फोटोचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याचा खर्च वेगळा. म्हणून फोटो मोजके, मधल्या गुळगुळीत पानांवर: संस्थाचालक, शिक्षक, बक्षीस मिळवणारे. बाकी साध्या कागदावर मुलांच्या कविता, कोडी, सहलीची वर्णनं. अंकात मूल यायचं ते लेखक म्हणून. ज्याची कविता निवडली जायची नाही, ते मात्र कुठेच नसायचं.

मग डीटीपी आलं. पेजमेकर, कोरलड्रॉ, अक्षरांना सावल्या, मजकुरामागे सूर्यास्त. ते दिसायला भडक होतं, पण लेखन टिकून होतं. अडचण फॉन्टची होती. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुनी फाइल उघडली, की मुलांच्या निबंधाच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात.

आता युनिकोड आहे. 'एक टाइप'चे मुक्त, बलूसारखे देखणे फॉन्ट फुकट मिळतात. पाचवीतल्या मुलीची गोष्ट वीस वर्षांनीही शोधून वाचता येईल, अशी सोय पहिल्यांदाच झाली आहे. आणि नेमकी आताच गोष्ट आखडली आहे. टेम्प्लेटमध्ये फोटोला अर्धं पान आणि मजकुराला दोन ओळी. गोल चौकटीत चेहरा, खाली 'स्वप्न: डॉक्टर'. सहलीचं वर्णन मावत नाही, म्हणून कापलं जातं. अंक लावणाऱ्या बाईंकडे एकच संध्याकाळ असते. त्या पानाची रचना कशाला बदलत बसतील?

प्रत्येक मुलाचा चेहरा अंकात येतो, ही मोठी गोष्ट आहे. जुन्या अंकाला ते जमलं नव्हतं, म्हणून नुसते उसासे टाकण्यात अर्थ नाही. पण आठवीतल्या मुलाला काय वाटत होतं, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी त्याचं चुकतमाकत लिहिलेलं पानभर लागतं.

उपाय साधा आहे आणि फुकटही. आधी मुलांचं लिखाण गोळा करावं, टेम्प्लेट मागाहून निवडावं. मजकूर मावला नाही, तर एक पान वाढवावं. पीडीएफला कागद लागत नाही.