वाटणी, मजुरी आणि क्षमा : लूककृत शुभवर्तमानातील एका दृष्टान्ताचे वाचन

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील तिसऱ्या दृष्टान्ताला मराठीत ‘उधळ्या पुत्राचा दृष्टान्त’ असे नाव रूढ आहे. हे नाव संहितेचे नाही, परंपरेने दिलेले आहे, आणि ते वाचनाची दिशा आधीच ठरवून टाकते. कथा धाकट्या मुलाची, विषय पश्चात्ताप, फलित क्षमा, हा आराखडा प्रवचनांतून इतका स्थिरावला आहे की संहितेतील एक साधी गोष्ट नजरेतून सुटते : पश्चात्तापवाचक शब्द या कथेत एकदाही येत नाही. तो येतो आधीच्या दोन लहान दृष्टान्तांच्या शेवटी, वचने ७ आणि १० मध्ये. तेथे हरवलेले मेंढरू आणि हरवलेले नाणे आहे. या दोहोंना पश्चात्ताप होणे शक्यच नाही. ती केवळ सापडतात.

शब्दाचा प्रश्न येथे गौण नाही. ग्रीक ‘मेतानोइया’मध्ये मनाचा पालट अभिप्रेत आहे, त्यामागील हिब्रू ‘शूव’ या धातूचा अर्थ परत फिरणे. मराठी ‘पश्चात्ताप’ मात्र नंतरच्या तापावर, म्हणजे वेदनेवर भर देतो. संतकाव्यातील ‘अनुताप’ या संकल्पनेने तयार झालेला मराठी वाचक त्यामुळे धाकट्या मुलाच्या मनात अश्रू शोधू लागतो. संहितेत आहे ती भूक. डुकरांच्या शेंगांवर मन गेलेला हा मुलगा भानावर येतो तो एका हिशेबाने : बापाच्या मजुरांनाही पुरून उरेल इतकी भाकर आहे. मग तो एक निवेदन मनाशी जुळवतो. त्यात पापाची कबुली आहे, पुत्र म्हणवून घेण्याची अपात्रता आहे आणि शेवटी मजुरीवर ठेवून घेण्याची विनंती आहे. तो क्षमा मागत नाही, नोकरी मागतो.

हे निवेदन पूर्ण होत नाही, ही कथेतील कळीची घटना होय. मुलगा दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. त्यानंतर मुलगा बोलतो, पण मजुरीचे कलम उच्चारले जाण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणण्याची आज्ञा सुटते. काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत गाळलेले वाक्य येथेही आढळते. नकलकारांना ही तूट खटकली असावी. पाठचिकित्सक बहुधा अपूर्ण पाठच मूळचा मानतात. कबुलीची जागा त्यामुळे बदलते : ती क्षमेची पूर्वअट न राहता क्षमेला दिलेला प्रतिसाद ठरते. पश्चात्ताप निरर्थक ठरला असे यावरून म्हणता येत नाही, कारण मुलगा कबुली देतोच. तिचे मोल मात्र ती देवघेवीतून सुटल्यावरच कळते.

येथे मराठी वाचकाच्या अपेक्षाक्षितिजाचा विचार करावा लागतो. मिताक्षरेच्या परंपरेत वडिलोपार्जित मालमत्तेवर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. म्हणून हिस्सा मागणारा धाकटा आपल्याला फार तर उतावळा वाटतो. त्याचे पाप आपण उधळपट्टीत पाहतो. यहुदी व्यवस्थेत वारसा सामान्यतः बापाच्या मृत्यूनंतरचा. हयातीत मालमत्ता मुलांच्या हाती देऊ नये, असा सल्ला सिराखच्या ग्रंथाच्या ३३व्या अध्यायात आहे. बाप जिवंत असून नसल्यासारखा मानणे हा या मागणीचा दंश आपल्या वाचनात बोथट होतो, आणि क्षमेची खोलीही तितकीच उणावते.

दुसरी गोष्टही निसटते. वाटणी दोघांमध्ये झाली होती (वचन १२). म्हणजे ज्येष्ठाला त्याचा भाग, अनुवादाच्या २१व्या अध्यायातील नियमानुसार दुप्पट, लाभलेलाच आहे. तरीही तो एका करडाची तक्रार करतो. त्याच्या तोंडी ग्रीक संहितेने गुलामी करण्याचे क्रियापद घातले आहे : इतकी वर्षे आपण राबलो, एकही आज्ञा मोडली नाही. धाकट्याने मागितलेले मजुराचे स्थान थोरल्याने मनोमन केव्हाच घेतले होते. फक्त मजुरी थकली अशी त्याची समजूत. आज्ञापालनाची ही चिकित्सा धाकट्याच्या पतनाहून अधिक कठोर आहे, असे मला वाटते. संबोधनेही पाहावीत. धाकटा ‘बाप’ हा शब्द परदेशातही सोडत नाही. थोरला तो एकदाही उच्चारत नाही आणि भावाचा निर्देश ‘हा तुमचा मुलगा’ असा करतो. बाप त्याला ‘बाळा’ म्हणतो आणि त्याचे सर्वनाम हळूच दुरुस्त करतो : हा तुझा भाऊ.

प्रवचनपरंपरेने हा उत्तरार्ध बहुधा जोडपत्रासारखा वागवला. अध्यायाचा आरंभ पाहता तो जोडपत्र असू शकत नाही. येशू पाप्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत आहेत. तिन्ही दृष्टान्त त्यांना उद्देशून आहेत. पंक्तिभेदाचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला या कुरकुरीचे सामाजिक वजन वेगळे सांगावे लागू नये. क्षमेचे रूप येथे भोजन हेच आहे, आणि त्या भोजनाला बसायचे तर शेजारी कोण आहे हे मान्य करावे लागते. बाप थोरल्यासाठीही घराबाहेर येतो, विनवतो. त्या विनवणीला थोरल्याने काय उत्तर दिले, हे निवेदक सांगत नाही. आतून वाद्ये ऐकू येत असताना तो अंगणातच उभा आहे.