अमळनेरची गिरणवस्ती : अलिखित की अवाचित?

मराठी साहित्यविचारात 'महानगरी' आणि 'ग्रामीण' ही दोन विशेषणे इतकी रुळली आहेत, की त्यांच्यामध्ये काही शिल्लक राहते याचे भान सहसा राहत नाही. महानगर म्हणजे मुंबई आणि ग्रामीण म्हणजे शेतीवर जगणारे खेडे, हे समीकरण अभ्यासक्रमांपासून प्रबंधांपर्यंत गृहीत धरलेले असते. तालुक्याच्या गावी उभी राहिलेली कापडगिरणी, तिच्या आधाराने वसलेली कामगारवस्ती आणि त्या वस्तीत घडलेले निमशहरी जीवन यांना या समीकरणात जागा नाही. खानदेशापुरते बोलायचे तर धुळे, चाळीसगाव, जळगाव आणि अमळनेर ही अशी गिरणीची गावे आहेत. यांपैकी अमळनेरचे उदाहरण विशेष बोलके आहे. साहित्यव्यवहारात या गावाचे नाव सतत घेतले जाते, आणि तरीही त्याच्या गिरणवस्तीची मराठी वाचकाच्या मनात कोणतीही प्रतिमा उमटत नाही. हा अभाव लेखनाचा आहे की वाचनाचा, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

समीक्षेत 'स्थळ' ही संज्ञा बहुधा पार्श्वभूमी या अर्थाने वापरली जाते. वस्ती ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. गिरणीच्या भोंग्याने पडणारी दिवसाची विभागणी, पाळी सुटताना रस्त्यावर येणारी गर्दी, बदली कामगाराची रोजची अनिश्चितता, उधारीवर चालणारा संसार आणि गावाकडच्या शेतीशी न तुटलेला संबंध यांच्या गुंफणीतून वस्ती आकाराला येते. साहित्यकृतीत ती वर्णनाच्या परिच्छेदांत असेलच असे नाही. पात्रांच्या निर्णयांत, बोलण्याच्या लयीत आणि कथनातील काळाच्या जाणिवेत तिचा शोध घ्यावा लागतो.

मुंबईच्या गिरणगावाला असे साहित्य लाभले. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीपासून नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांपर्यंत आणि पुढे जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकापर्यंत ही परंपरा दाखवता येते. वरेरकर वस्तीकडे बाहेरून सहानुभूतीने पाहतात, सुर्वे आतून बोलतात, तर पवार तिचा शेवट लिहितात. 'अधांतर'मध्ये १९८२ च्या संपाने केलेली पडझड चाळीतल्या एका खोलीत घडते. प्रेक्षकासमोर येतात ती संपाने पोखरलेली घरातली नाती. खुद्द संप खोलीबाहेरच राहतो. या सलगतेमागे केवळ प्रतिभा नव्हती. कामगार संघटना, कलापथके, कामगार रंगभूमी, छापखाने आणि वाचनालये यांची दाट वीण गिरणगावात होती. वस्तीला स्वतःचा लेखक मिळण्यासाठी स्वतःचा श्रोताही असावा लागतो, हे गिरणगावाच्या इतिहासातून स्पष्ट होते.

बोरी नदीच्या काठच्या अमळनेरला ही वीण वेगळ्या प्रकारे लाभली. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत प्रतापशेठ म्हणून ओळखले जाणारे मोतीलाल माणेकचंद यांनी येथे प्रताप मिल उभारली. त्यांच्याच औदार्याने शाळा उभी राहिली, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय निघाले. तत्त्वज्ञान मंदिरात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वचिंतक काही काळ होते आणि जी. आर. मलकानी यांच्या संपादनाखाली 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी नियतकालिक येथून निघत होते. डिसेंबर १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे तीच विप्रो या नावाने जगभर पोचली. कापूस, तेलबिया, रेल्वे आणि भांडवल एका ठिकाणी आल्याने घडलेले हे औद्योगिक गाव होते. गिरणीच्या भांडवलाने येथे ज्ञानसंस्था निर्माण केल्या; परंतु त्या संस्थांची बौद्धिक दृष्टी वेदान्ताकडे, इंग्रजीकडे आणि प्रमाण मराठीकडे होती. गिरणीत राबणाऱ्यांची भाषा या संस्थांच्या ज्ञानव्यवहाराचा भाग झाली नाही.

परिणामी अमळनेरची वाङ्मयीन प्रतिमा तीन व्यक्तिरेखांभोवती स्थिरावली. पहिली संतांची : सखाराम महाराजांची परंपरा आणि बोरीच्या पात्रातील वैशाखातली यात्रा. दुसरी तत्त्वज्ञाची. तिसरी आणि सर्वांत प्रभावी शिक्षकाची. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हाताने लिहून काढत असलेले छात्रालयाचे दैनिक आणि त्या अनुभवातून पुढे आलेली 'धडपडणारी मुले' ही कादंबरी यांमुळे अमळनेर म्हणजे संस्कारांचे गाव हे समीकरण दृढ झाले. या तिन्ही प्रतिमा खोट्या नाहीत. त्या अपुऱ्या आहेत, एवढेच.

खानदेशच्या साहित्याकडे व्यापकपणे पाहिले तरी हाच आकृतिबंध दिसतो. 'बहिणाबाईची गाणी' १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि खानदेशी बोलीला मराठी कवितेत मानाचे स्थान मिळाले. १९६३ मध्ये आलेली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' सांगवी आणि पुणे या दोन टोकांमध्ये हलते. एका कृतीचे केंद्र शेत आहे, दुसरीचे खेडे आणि विद्यापीठीय शहर यांमधील ताण. पुढील काळात देशीवादाच्या चर्चेने खानदेशला सैद्धान्तिक महत्त्व मिळवून दिले. परंतु त्या चर्चेतही देशीपणाचा आधार कृषिसंस्कृती हाच राहिला. शेतातून साचेखात्यात गेलेला अहिराणीभाषक कामगार देशी ठरतो की नागर, हा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

असे असले तरी अमळनेरच्या कामगारांविषयी काहीच लिहिले गेले नाही असे म्हणता येत नाही. १९४६ मध्ये येथील कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला. त्यावर अण्णा भाऊ साठे यांनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा रचला. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या लालबावटा कलापथकाचा तो काळ. स्वतः अण्णा भाऊ मुंबईतल्या गिरणीत काम केलेले शाहीर होते. म्हणजे अमळनेरची गिरणवस्ती मराठी साहित्यात आली ती मुंबईच्या कामगारवस्तीतल्या आवाजातून. या पोवाड्याचा विचार सामान्यतः अण्णा भाऊंच्या राजकीय शाहिरीचा एक नमुना म्हणून होतो. अमळनेर नावाच्या जागेची संहिता म्हणून तो क्वचितच वाचला जातो.

तसा तो वाचू लागल्यावर त्याची मर्यादाही ध्यानात येते. पोवाडा हा वाङ्मयप्रकार प्रसंगाचा आणि पराक्रमाचा आहे. शाहीर, त्याला साथ देणारे झीलकरी आणि समोर जमलेला समुदाय यांच्यात तो घडतो. त्याला साधारण दिवसाचे वावडे असते. 'अमर हुतात्मे' या शब्दांतच वस्ती इतिहासाच्या एका क्षणात गोठवली जाते. त्या क्षणाच्या आधीचा आणि नंतरचा काळ, मृतांच्या घरातली चूल, पुन्हा वाजलेला भोंगा हे या प्रकाराच्या कक्षेत येणे कठीण. अण्णा भाऊंना रोजचे जगणे लिहिता येत नव्हते असे नव्हे. 'चिरागनगरची भुतं'मधील कथांत घाटकोपरच्या ज्या झोपडपट्टीचे जग येते, तिथे ते स्वतः राहत होते. जिथे लेखक राहतो ती वस्ती कथा होते, आणि जिची बातमी त्याच्यापर्यंत पोचते ती पोवाडा होते. वस्ती आणि वाङ्मयप्रकार यांच्यातील हे नाते या दोन कृती शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी संहिता साने गुरुजींचीच आहे. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि कामगार यांचे प्रश्न हा त्यातील लेखनाचा महत्त्वाचा भाग होता. छात्रालयातील शिक्षक आणि साप्ताहिकाचा संपादक ही एकाच लेखकाची दोन रूपे आहेत. परंतु वाङ्मयेतिहासाने पहिले जपले आणि दुसरे चरित्राच्या तपशिलात ढकलले. कारण उघड आहे. कादंबरी आणि आत्मपर कथन यांना साहित्य मानले जाते, साप्ताहिकातील मजकुराला पत्रकारिता. पोवाड्याला लोककला म्हणून बाजूला ठेवणारी आणि साप्ताहिकाला वृत्त म्हणून वगळणारी वर्गवारी एकच आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की चार-दोन तात्कालिक संहितांच्या आधारे वस्तीचे साहित्य सिद्ध होत नाही. अमळनेरला सुर्वे मिळाले नाहीत ही वस्तुस्थिती उरतेच. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. मात्र सुर्वे मिळण्यासाठी जी भाषिक परिस्थिती लागते, तिचाही विचार झाला पाहिजे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची एक मिश्र मराठी तयार झाली आणि ती कवितेपर्यंत पोचली. अमळनेरच्या कामगाराची बोली घराची व बाजाराची राहिली. शाळेत शिरताना ती उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. १९५२ चे मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले तेव्हा 'मराठी व्युत्पत्ति कोश'कर्ते कृ. पां. कुलकर्णी अध्यक्षस्थानी होते. शब्दांच्या कुळांचा शोध घेणारा अभ्यासक या गावी अध्यक्ष म्हणून आला, हा योग अर्थपूर्ण आहे. गोळीबाराला तेव्हा सहाच वर्षे झाली होती.

२०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे संमेलन अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात भरले आणि त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही याच गावी झाले. एकाच गावात दोन मांडव पडले, यात साहित्य कोणाचे आणि कोणत्या भाषेचे या जुन्या वादाचे पडसाद होते. त्या वादाला अभ्यासाची जोड द्यायची असेल तर कामाची दिशा स्पष्ट आहे. पोवाडा, साप्ताहिकाचे अंक, अहिराणीतील गाणी व म्हणी आणि गिरणीत काम केलेल्यांच्या आठवणी हा मजकूर एकत्र वाचावा लागेल. मुंबईच्या गिरणगावाबाबत मौखिक इतिहासाचे असे काम नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी केले आहे. खानदेशातील गिरणीच्या गावांसाठी ते व्हायला हवे, आणि सांगणारे हयात आहेत तोवर व्हायला हवे. अमळनेरच्या गिरणवस्तीला तिचा कादंबरीकार मिळेल की नाही हे समीक्षेच्या हाती नाही. जे लिहिले गेले ते वाचणे मात्र तिच्या हाती आहे, आणि तेवढे केले तरी 'महानगरी' व 'ग्रामीण' या दोन खणांची रचना आजच्यासारखी निर्वेध राहणार नाही.