खर्चाच्या वहीतला गुप्तहेर

गुप्तहेर म्हटला की पिस्तूल, अंधार आणि पाठलाग आठवतो. 'युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर' या अमेरिकन नभोनाट्याचा नायक मात्र खर्चाची वही घेऊन येतो. १९४९ ते १९६२ या काळात सीबीएस रेडिओवर चाललेली ही मालिका विमा कंपन्यांसाठी संशयास्पद दावे तपासणाऱ्या जॉनीची आहे.

इब्ने सफींच्या फरीदी-हमीदवर पोसलेल्या आमच्यासारख्या उर्दू वाचकांना हा नायक प्रथम रुक्ष वाटतो. पण खरी गंमत मांडणीत आहे. प्रत्येक प्रकरण म्हणजे जॉनीने कंपनीला सादर केलेला खर्चाचा तपशील. टॅक्सीचे भाडे, हॉटेलचे बिल, एखाद्याला पाजलेले पेय अशा नोंदी तो वाचत जातो आणि दोन नोंदींच्या मधून गुन्हा उलगडतो. रेडिओला दृश्य दाखवता येत नाही. ती उणीव इथे हिशेबाने भरून काढली आहे. १९५५-५६ मध्ये बॉब बेलीच्या आवाजात पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाच भागांत, सोमवार ते शुक्रवार, एकेक प्रकरण चाले. त्या ऐसपैस मांडणीत पात्रांना माणूसपण लाभले. आमच्या मते मालिकेचा हाच सर्वोत्तम काळ.

तरीही एक आक्षेप उरतोच. जॉनी कंपनीच्या पैशावर तपास करतो. त्यामुळे सहसा फसवणारा माणूस असतो आणि फसलेली संस्था. पनवेलकरांचा अनुभव उलटा आहे. येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट कर्जखात्यांद्वारे ५०० कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा आरोप झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवींना विमा होता, पण पाच लाखांपर्यंतच. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर ही मर्यादा एकाच लाखाची होती. ज्याची आयुष्यभराची पुंजी त्याहून अधिक, त्याने उरलेल्या रकमेसाठी अवसायकाच्या दारी ताटकळायचे. जॉनीच्या वहीत या माणसासाठी पान नाही.

उर्दूत विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला 'अमानत' म्हणतात आणि तिच्या अपहाराला 'खयानत'. या दोन शब्दांत पैशाबरोबर भरवसाही मोजला जातो. जॉनीच्या हिशेबात फक्त रक्कम येते. त्याची मांडणी आमच्या लेखकांनी जरूर उचलावी. पण ते नभोनाट्य कंपनीला पाठवलेल्या बिलाने नव्हे, ठेवीदाराच्या पासबुकाने सुरू व्हावे.