लूमाचं वेत: 'काउ' हा माहितीपट पाहताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'दुसऱ्याचं मन' हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न घेतला होता. समोरच्याला दुखतंय हे आपल्याला कळतं ते कसं? तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं, की हे सगळं माणसांपुरतंच का? त्याला तिथल्या तिथे उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. म्हणून आज एक चित्रपट घेऊन आलो आहोत.

अँड्रिया अर्नल्ड या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा 'काउ', 2021 सालचा. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला दुधाचा गोठा आणि त्यातली लूमा नावाची एक गाय. चित्रपट दीड तासाहून थोडा मोठा आहे. निवेदन नाही, मुलाखत नाही, आकडे नाहीत. माणसं दिसतात ती कडेकडेनं, एखादा हात, एखादा आवाज. कॅमेरा गाईच्या डोळ्याच्या उंचीवर असतो, इतका जवळ की कधीकधी ती त्याला ढुशी देते.

सुरुवात होते ती लूमा विण्यापासून. माणसं वासरू ओढून घेतात, ते खाली येतं, आणि लूमा वळून त्याला चाटू लागते. हे चाटणं नुसतं लाड नव्हे बरं का. त्यानं वासरू कोरडं होतं, त्याचं रक्त खेळू लागतं, आणि त्या पहिल्या तासाभरातच गाय आपल्या वासराचा वास ओळखू लागते. मग वासरू नेलं जातं. लूमा हंबरते. त्यानंतर दिसतं ते दुसऱ्या जागी बाटलीनं दूध पिणारं वासरू, आणि पुन्हा लूमा.

हा चित्रपट काही 'सांगत' नाही, फक्त दाखवतो, असं त्याचं कौतुक होतं. आम्हाला ते पटत नाही. वासरू, मग हंबरणं, मग पुन्हा वासरू, या क्रमानं दृश्यं जोडली की प्रेक्षकाच्या मनात 'शोक' हा शब्द आपोआप उमटतो. निवेदकाचं काम इथे कात्रीनं केलं आहे. त्यात गैर काही नाही, पण त्याला तटस्थपणा म्हणू नये.

शिवाय गोठ्याची बाजू या शांततेत हरवते. गाईच्या पोटात असताना वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासरापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि पहिला दिवस उलटला की वासराचं आतडं ती शोषून घेत नाही. म्हणून किती चीक किती तासांत पोटात गेला, हे मोजण्यासाठीही बाटली लागते. लवकर वेगळं केलं तर दोघांचं हंबरणं कमी दिवस चालतं, असंही गोठेवाले सांगतात, आणि ते खोटं नाही. पण 'लवकर तोडलं तर कमी दुखतं' हे म्हणताना दुखतं हे आपण कबूल करून बसतो! हा युक्तिवाद चित्रपटात आला असता तर चित्रपट कमकुवत झाला नसता, उलट भक्कमच झाला असता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लूमा फळते तो प्रसंग. वळू आणला जातो आणि रात्रीच्या आकाशात आतषबाजी फुटते. प्रेक्षक हसतात. पण आजच्या दुधाच्या धंद्यात बहुतेक गाई वळूचं तोंडही पाहत नाहीत. 1949 साली लंडनमधल्या संशोधकांना ग्लिसरीन घालून वीर्य गोठवता येतं हे सापडलं, आणि वळूची जागा हळूहळू नळकांडीनं घेतली. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, माज टिकतो जेमतेम दिवसभर, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यात तो ओळखायचा आणि रेतन करायचं. मग सुमारे 280 दिवस गाभण. व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा रेतन. म्हणजे ती दूध देते तेव्हाही बहुतेक काळ गाभणच असते, आणि शेवटचे दोन महिने तेवढी आटवलेली. ही दिनदर्शिका म्हणजे तिचं आयुष्य आहे. दिग्दर्शिकेनं त्याऐवजी एक गमतीदार प्रणयप्रसंग निवडला. इथे ती गाईच्या डोळ्यानं पाहायचं विसरली, असं आम्हाला वाटतं.

मात्र एक गोष्ट तिला अचूक साधली आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपला शेतकरी गाईचं वय वर्षांत सांगत नाही, वेतात सांगतो. 'तिसऱ्या वेताची आहे' म्हटलं की बाजारात सगळं कळतं. हा चित्रपटही तसाच मोजतो. एक वेत, पुन्हा एक वेत, आणि मग संपलं.

आता मूळ प्रश्नाकडे. हंबरणाऱ्या गाईला शोक होतो असं म्हणणं म्हणजे माणसाच्या भावना जनावराला चिकटवणं, हा आक्षेप नेहमीचा आहे. देकार्तनं तर जनावर म्हणजे यंत्रच मानलं. उलट फ्रान्स द वाल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं, की साम्य नाकारत राहणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक असू शकते. या वादात आम्ही वर्गात तीस वर्षं घालवली. पण त्याचं उत्तर आमच्या घरच्या गोठ्यात होतं, हे हा चित्रपट पाहताना लक्षात आलं.

आमच्या लहानपणी गाईचं वासरू मेलं. गाय पान्हा सोडेना. तेव्हा वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवलं गेलं. त्यावर मीठ चोळलेलं. गाय चाटायची, पान्हवायची, आणि आजी धार काढायची. आज आम्ही विचारतो, ही फसवणूक होती का? होती, तर फसवायला समोर मन लागतं. दगडाला कुणी फसवत नाही. घरातल्या कुणी देकार्त वाचला नव्हता, आणि गाय आपल्या वासराला ओळखते याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. ती खात्री नसती तर एवढा खटाटोप कशाला केला असता? आपला 'वात्सल्य' हा शब्दच मुळी 'वत्स' म्हणजे वासरू यावरून आलेला. म्हणजे अज्ञान हे कारण इथे चालणार नाही. आम्हाला माहीत होतं, आणि दूध हवं होतं.

केंटचं पाहून आपण हळहळतो, म्हणून इथलंही सांगितलं पाहिजे. संकरित गाईचा गोऱ्हा औताला फारसा कुणी घेत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्यानं सुरी थांबते, पण गोऱ्ह्याच्या वाट्याला आचळ येतंच असं नाही. आमच्या घरी गोऱ्हे कुठे जायचे, हे आम्ही खरवस खाताना कधी विचारलं नाही.

शेवटचा प्रसंग ज्यांनी पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून सांगतो. लूमा थकली आहे, कास जड झाली आहे, चालवत नाही. तिच्यापुढे खाणं ठेवलं जातं. ती खायला लागते, आणि तिला गोळी घातली जाते. संगीत नाही, तयारी नाही. काहींनी याला धक्कातंत्र म्हटलं. आमच्या मते चित्रपटातलं सर्वांत प्रामाणिक दृश्य हेच. खाणं ठेवणारे आणि मारणारे वेगळे नाहीत, आणि यात कुणी खलनायकही नाही. आतषबाजीची सगळी चूक आम्ही या एका दृश्यासाठी माफ करतो.

पेंढ्याचं ते वासरू पुढे सरकवताना आजी म्हणायची, "घे गं बाई, तुझं लेकरू." आणि धार काढून होईपर्यंत ती गाईच्या तोंडाकडे बघायची नाही. अर्नल्डबाईंचा कॅमेरा नेमका तिथेच रोखलेला आहे.

चला, आता प्रश्न घेऊ.