प्रयोग कुणाच्या पोरांवर?

जॉन ड्यूई हे बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू. म्हणूनच त्यांचं पुस्तक हात जोडून नाही, डोळे उघडे ठेवून वाचायचं.

१८९६ साली ड्यूईंनी शिकागो विद्यापीठात लहान पोरांची प्रयोगशाळा-शाळा काढली. १८९९ च्या 'द स्कूल अँड सोसायटी'त तिची हकिकत आहे. पोरं रांधतात, विणतात, सुतारकाम करतात. हात चालतो तसं डोकं चालतं. हे मला मनापासून पटलं.

पण एका पानावर मी अडकलो. पोरं बोंडातनं कापूस सोडवतात. अर्धा तास खपून औंसभरही रुई निघत नाही. त्यावरून ती शिकतात, पूर्वज लोकरी कपडे का घालायचे. धडा झकास! पण मी गिरणीतला माणूस, रुई माझ्या नाकातोंडात. मी विचारणारच, अमेरिकेत हा कापूस कुणाच्या पाठीवर पिकला? गुलामांचं नाव त्या उताऱ्यात नाही.

म्हणून त्याच कापसाच्या मुलखात, लुईझियानात जाऊ. तिथं रस्टन नावाचं छोटं गाव. गावात लुईझियाना टेक विद्यापीठ, त्याची ए. ई. फिलिप्स ही प्रयोगशाळा-शाळा. या विद्यापीठानं १९६५ पर्यंत काळ्या विद्यार्थ्याला दारात उभं केलं नाही. पाचेक मैलांवर ग्रॅम्ब्लिंग. तिथं १९०१ साली काळ्या शेतकऱ्यांनी उभी केलेली शाळा पुढे विद्यापीठ झाली. तिचीही प्रयोगशाळा-शाळा होती. एकीत बहुतेक गोरी पोरं, दुसरीत काळी. फिलिप्सला वर फी. मामला कोर्टात गेला, १९८४ साली तडजोडीचा हुकूम झाला. म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती तिकडंही आहे, फक्त नाव वेगळं.

माझा आक्षेप ड्यूईंच्या पद्धतीवर नाही, दारावर आहे. निवडक धाग्याचा नमुना दाखवून सगळं कापड चांगलं म्हणणं ही शेटजीची रीत. निवडक पोरं घेऊन प्रयोग यशस्वी म्हणणं हीही तीच.

लोकशाही म्हणजे एकत्र जगणं, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी जातीच्या उतरंडीवर हाणला. आपणही तसंच वाचायचं. कुठलीही आदर्श शाळा कुणी दाखवली, तर आत काय शिकवतात ते मागनं विचारा. आधी हजेरीपट मागा.