तार आणि तर्क



गोंदियात धानकापणीच्या दिवसांत स्ट्रिंग थिअरीवर बोलायला उभं राहायचं, तेही तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं, म्हणजे जरा धाडसच. पण आज आम्ही शिकवायला कमी आणि एक चूक कबूल करायला जास्त आलो आहोत.

जानेवारी २००१ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ‘स्ट्रिंग्ज २००१’ ही आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. स्टीफन हॉकिंग तिला आले होते. त्या सुमारास हा विषय आमच्या वाचनात आला आणि आम्ही भारावून गेलो. पुढं कित्येक वर्षं आम्ही वर्गात सांगत राहिलो, “विज्ञान आज म्हणतं की विश्व कंप पावणाऱ्या तारांचं आहे. आपल्याकडे याला नादब्रह्म म्हटलंय. दोन्ही एकच.” मुलं खूश, आम्हीही खूश. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, ती तार कशाची असते? आणि नादब्रह्माला मिती किती?” वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते उत्तर राहूनच गेलं. ते आज द्यायचं आहे.

सुरुवात आपल्या नागझिऱ्यापासून करू. न्यायदर्शनात ‘उपमान’ हे एक प्रमाण आहे आणि त्याचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. नगरात राहणाऱ्याला गवय ठाऊक नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो की तो गाईसारखा असतो. मग हा रानात जातो, तसा प्राणी बघतो आणि ओळखतो, हाच गवय. गवय म्हणजे आपला रानगवा असं धरून चालू. उपमेनं तुम्हाला ओळख दिली, तिचं काम तिथं संपलं. आता गाईसारखा आहे म्हणून कोणी चरवी घेऊन त्याचं दूध काढायला गेला, तर दोष उपमेचा नाही, बरं का.

‘विश्व तारांचं आहे’ हे वाक्य असंच आहे. आम्ही चरवी घेऊन निघालो होतो.

आता ही तार तंबोऱ्याच्या तारेसारखी किती आणि वेगळी किती ते बघू. आधी अभिजात यांत्रिकीतली, म्हणजे क्वांटमच्या आधीची तार. तंबोऱ्याची तार धातूची. तिच्यावर कुंकवाचा ठिपका लावला तर तो कुठं सरकला ते सांगता येतं. खुंटी पिळली की ताण वाढतो, सूर चढतो. नाम्बू आणि गोटो या जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास मांडलेल्या तारेत यातलं काहीच नाही. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बिंदू काळातून सरकताना रेघ उमटवतो, तशी तार सरकताना एक पट विणते. त्या पटाचं क्षेत्रफळ हाच तिच्या गतीचा सगळा हिशेब. साबणाच्या पाण्याचा पडदा कड्यावर ताणून बसतो, त्याच जातीचा हा हिशेब आहे, फक्त इथं काळही मोजायचा.

यातून जे निघतं ते चमत्कारिक आहे. तार ताणली तरी ताण वाढत नाही, तार लांबते आणि तेवढी ऊर्जा वाढते. दर एकक लांबीतली ऊर्जा म्हणजेच ताण. तिच्यावर ठिपका लावता येत नाही, कारण तारेचा हा कण इथून तिथं सरकला या बोलण्याला अर्थच उरत नाही. त्यामुळं लांबीच्या दिशेनं कंपन नाही, फक्त आडवं. आणि खुल्या तारेची मोकळी टोकं नेमक्या प्रकाशवेगानं धावतात. मिरजेतल्या कुठल्याही कारागिराला विचारा, असा तंबोरा त्यानं पाहिलेला नाही.

तार दोन प्रकारची. खुलीला दोन टोकं, तिच्यावर लाटा टोकाला आपटून परततात. बंद तार म्हणजे बांगडी. तिच्यावर डावीकडे जाणाऱ्या लाटा वेगळ्या, उजवीकडे जाणाऱ्या वेगळ्या, एकमेकींशी बोलत नाहीत. फक्त एक अट. बांगडीवर ‘सुरुवात इथून’ अशी खूण करता येत नाही, म्हणून क्वांटम हिशेबात दोन्ही बाजूंच्या कंपनांची बेरीज सारखीच यावी लागते. ठिपका लावता येत नाही ही साधी गोष्ट, पण ती पुढं अशी कामाला येते.

आता क्वांटमकडे. क्वांटम जगात कुठलीच कंपनं पूर्ण थांबत नाहीत, किमान ऊर्जा उरतेच. तारेला स्वर अनंत, पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकाची उरलेली ऊर्जा मिळवत गेलं की १ अधिक २ अधिक ३ अशी न संपणारी बेरीज समोर येते. ती अनंतच आहे. पण सापेक्षतेला धक्का न लावता तिच्यातला अनंत भाग वेगळा काढला की मागं उणे एक बारांश उरतो. रामानुजन यांनी हार्डींना १९१३ साली लिहिलेल्या पत्रात हाच आकडा होता. त्याचं निम्मं, म्हणजे प्रत्येक आडव्या दिशेमागं उणे एक चोविसांश.

इथं थोडं सावकाश जाऊ. खुल्या तारेला एक पायरी वर चढवली, तर जो कण मिळतो त्याला जितक्या आडव्या दिशा तितकेच घटक. सापेक्षता सांगते की इतके कमी घटक असलेला असा कण वस्तुमानरहितच हवा, फोटॉनसारखा. वस्तुमान असतं तर एक घटक जास्त लागला असता. म्हणजे वर चढलेली एक पायरी आणि खालची उणे बेरीज यांची वजाबाकी बरोबर शून्य यायला हवी. उणे एक चोविसांश किती वेळा घेतलं की उणे एक होतं? चोवीस वेळा. आडव्या दिशा २४, त्यात तारेची एक आणि काळाची एक, एकूण मिती २६. हा आकडा कोणी आवडीनं निवडलेला नाही. २५ घ्या, सापेक्षतेशी विसंगती येते. २७ घ्या, तरी तेच.

बंद तारेत दोन्ही बाजूंनी एकेक पायरी चढवली की आणखी एक वस्तुमानरहित कण निघतो, त्याचे गुणधर्म ग्रॅव्हिटॉनचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे. शेर्क आणि श्वार्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे योनेया यांनी, १९७४ च्या सुमारास हे ओळखलं. बंद तारा नकोत असंही म्हणता येत नाही, कारण खुल्या तारेची दोन टोकं जुळली की बांगडी होतेच. गुरुत्वाकर्षण बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते आपसूक आलं.

इथवर ऐकून कोणीही भारावेल. पण समीक्षा करायची तर दुसरी बाजूही मांडायला हवी. या सिद्धान्तात फक्त बोसॉन आहेत, म्हणजे सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे कण. इलेक्ट्रॉन त्यात नाही. म्हणजे तुम्ही, आम्ही, हा माइक, यातलं काही त्यात बसत नाही. मिती २६, आणि आपल्याला दिसतात चार. शिवाय तळाची पायरी, जिथं कंपन सुरूच झालेलं नाही, ती उणे एकवर बसते. वस्तुमानाचा वर्ग ऋण. याला टॅकिऑन म्हणतात. प्रकाशाहून वेगवान कण अशी त्याची गोष्ट सांगितली जाते, पण खरा अर्थ साधा आहे. टेकडीच्या टोकावर ठेवलेली गोटी, आता घसरेल मग घसरेल. त्या वेळी अलाहाबादला काम करणाऱ्या अशोक सेन यांनी १९९९ च्या सुमारास मांडलं की खुल्या तारेच्या बाबतीत या टेकडीची उंची ओळखता येते. तारेची टोकं ज्या पटलाला धरून असतात, त्या पटलाचीच ती ऊर्जा. गोटी खाली गेली की पटलच विरून जातं. बंद तारेच्या टॅकिऑनचा असा समाधानकारक उलगडा मात्र झालेला नाही. पुढं आलेल्या सुपरस्ट्रिंगमध्ये इलेक्ट्रॉनसारखे कण आले, मिती १० वर आल्या, टॅकिऑन गेला. प्रयोगाचा पुरावा मात्र तिथंही नाही.

मग याला म्हणायचं काय? एक गट म्हणतो, आमच्या ऋषींना हे ठाऊक होतं. दुसरा म्हणतो, प्रयोग नाही, तर सगळं थोतांड. आम्हाला दोघांचीही घाई पटत नाही.

न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितलेत. त्यात प्रमाण वेगळं आणि तर्क वेगळा. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असं बोलणं म्हणजे तर्क. तो स्वतः ज्ञान देत नाही, पण प्रमाणाला मदत करतो, चुकीच्या वाटा बंद करतो. बोसॉनिक तार हा आमच्या मते असाच तर्क आहे. ‘२६ मिती नसत्या तर विसंगती आली असती’ हे त्याचं वाक्य. त्याला प्रमाण समजलं की तुम्ही पहिल्या गटात गेलात. प्रमाण नाही म्हणून फेकून दिलं की दुसऱ्या. आणि हा तर्क प्रामाणिक आहे, कारण त्यानं स्वतःच्याच घरातला टॅकिऑन दाखवून दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देणारा तर्क कमी बघायला मिळतो.

नादब्रह्माचं काय? शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात आहत आणि अनाहत नादाची चर्चा आहे, आणि २२ श्रुती दाखवायला बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा कशा जुळवायच्या हेही आहे. एक स्थिर ठेवायची, दुसरी उतरवत जायची. ही शिस्त बघा! तो आपल्या क्षेत्रात नेमकं बोलतो. त्याला भौतिकशास्त्राचं प्रशस्तिपत्रक नको आहे. ‘दोन्ही एकच’ म्हणताना आम्ही दोघांचीही शिस्त पुसली. आणि आता कोणी २२ आणि २६ यांचं नातं जोडू नये, एवढी विनंती.

तर त्या मुलीला उत्तर. बाई गं, ती तार कशाचीच नसते. ती कशापासून बनली असं विचारायचं तर तिच्यावर ठिपका लावता यायला हवा. मिती २६, आणि हे उत्तर कदाचित आपल्या जगाला लागू पडणार नाही. नादब्रह्माला मिती किती हा प्रश्न लागूच होत नाही, आणि तिथंच तुला आमची चूक दिसली होती. तू हसण्यासाठी विचारलं नव्हतंस. हसलो आम्ही.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.