मूर्च्छेची संज्ञा व मूर्च्छेचे संशोधन

वैद्यकात व्याधीचे नाव म्हणजे केवळ तिची खूण, असे सामान्यतः समजले जाते. मूर्च्छेवरील संशोधनाचा इतिहास पाहता या समजुतीस बाध येतो. साध्या मूर्च्छेकरिता ‘व्हॅसोव्हेगल’ ही संज्ञा सर थॉमस लुईस यांनी १९३२ साली रूढ केली. शब्द गॉवर्स यांचा, १९०७ चा, परंतु अर्थ नवा. त्यातील पूर्वपद रक्तवाहिन्यांचे, उत्तरपद व्हेगस मज्जातंतूचे. वाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो, तर व्हेगसच्या प्रभावाने नाडी मंदावते. समास द्वंद्व खरा. पण दोन्ही पदे समबल नव्हेत, हे स्वतः लुईस यांनीच दाखविले होते. ॲट्रोपीन दिल्यावर नाडी पूर्ववत झाली. रक्तदाब मात्र खालीच राहिला, आणि रुग्ण फिकट व पुरता शुद्धीवर न आलेला असाच होता.

इतके स्पष्ट असूनही पुढे पुष्कळांचे लक्ष उत्तरपदाकडेच लागले. नाडी सहज मोजता येते. शिवाय १९५८ साली स्टॉकहोम येथे पहिला पेसमेकर मानवी शरीरात बसविला गेल्यापासून मंद नाडीवर इलाजही हाती आला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत पेसमेकर न बसविलेल्या २७ रुग्णांपैकी १९ जणांना पुन्हा मूर्च्छा आली, बसविलेल्या २७ पैकी केवळ सहा जणांना. निष्कर्ष डोळे दिपविणारा. परंतु कोणास यंत्र मिळाले हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक होते. २००३ सालच्या चाचणीने हा दोष काढून टाकला. शंभरही रुग्णांना यंत्र बसविले, पण ५२ जणांचे यंत्र नाडी केवळ निरखीत राहिले. त्यांच्यात ४२ टक्क्यांना व चालू यंत्र असलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना पुन्हा मूर्च्छा आली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. लुईस यांचे म्हणणे सत्तर वर्षांनी, बऱ्याच खर्चाने, पुन्हा सिद्ध झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात उत्तरपद अगदीच निरर्थक नाही. २०१२ साली चाळिशीपुढील असेच रुग्ण निवडले गेले की ज्यांच्या हृदयाचा दीर्घ विराम त्वचेखालील नोंदयंत्राने प्रत्यक्ष टिपला होता. तेव्हा दोन वर्षांतील पुनरावृत्ती ५७ वरून २५ टक्क्यांवर आली.

संज्ञेची चूक येथे अनावश्यक शस्त्रक्रियेपाशी थांबते. अन्यत्र ती प्राणावर बेतते. येर्व्हेल व लांगे-नील्सेन यांनी १९५७ साली वर्णिलेल्या नॉर्वेतील कुटुंबात जन्मतः बहिऱ्या चार मुलांना वारंवार मूर्च्छा येई. त्यांपैकी तिघे अकस्मात दगावली. दोष होता हृदयाच्या विद्युत्‌आलेखातील लांबलेल्या एका अंतराचा. अशा मुलास मराठी घरात ‘फिट येते’ असे म्हटले जाईल, आणि हा शब्द ऐकणाऱ्यास थेट अपस्माराकडे नेतो. हातपाय झटकणे हेही निर्णायक लक्षण नव्हे. १९९४ सालच्या एका प्रयोगात हेतुतः मूर्च्छित केलेल्या निरोगी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांत असे झटके चित्रफितीवर दिसले. २००० साली ब्रिटनमध्ये, अपस्माराचे निदान होऊनही औषधाने गुण न आलेल्या वा निदान संशयास्पद असलेल्या ७४ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी ३१ जणांचे खरे निदान निराळेच निघाले.

चरकाने मद, मूर्च्छा व संन्यास यांत भेद करताना पहिल्या दोन अवस्था दोषांचा वेग ओसरताच आपोआप शमतात, संन्यास औषधावाचून शमत नाही, असा निकष लावला आहे. आपोआप व पूर्णपणे शुद्धीवर येणे हे आजच्या व्याख्येचेही अंग आहे. मात्र या निकषाने धोका ओळखता येत नाही, कारण हृदयाच्या घातक लयबिघाडातूनही रुग्ण काही वेळा असाच उठून बसतो. २००२ सालच्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात हृदयजन्य मूर्च्छा आलेल्यांत मृत्यूचा धोका दुप्पट आढळला. व्हॅसोव्हेगल मूर्च्छेत तो वाढलेला नव्हता. त्याच अभ्यासात ३६.६ टक्के प्रसंगांचे कारण ‘अज्ञात’ म्हणून नोंदले आहे. संशोधकांचा हा प्रांजळपणा प्रशंसनीय होय.

त्याच वर्षी शेल्डन प्रभृतींनी झटका व मूर्च्छा वेगळ्या ओळखण्यासाठी रुग्णांच्या उत्तरांना गुण देणारी प्रश्नावली सिद्ध केली: जीभ चावली गेली काय, मान एका बाजूस वळली काय, आधी घाम सुटला काय. तिच्या मराठी रूपात खरी अडचण ‘चक्कर’ या शब्दाची आहे. भोवतालचे गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे व शुद्ध हरपून पडणे या तिन्हींस तो सर्रास लागतो. तेव्हा प्रश्नात तो मुळीच न योजता, पडण्यापूर्वी काय दिसले व काय जाणवले एवढेच विचारणे इष्ट.